थकलेल्यांसाठी नवापूरकडचा मिशन बंगला: एका डबेवालीचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. जो एक कापला त्यातला अर्धा गादीचा आणि अर्धा शनिवारी दुपारी आलेल्या वक्त्याचा.

चिंचपाड्याहून नवापूरकडे जाताना रस्त्यापासून आत, साग-मोहाच्या झाडीत एक जुना मिशन बंगला आहे. जाड भिंती, वर कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा. तो आता तिथल्या ख्रिस्ती मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे आहे आणि हिवाळ्यात शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत तिथं थकल्या-भागल्या माणसांना ठेवून घेतात. संजीवन सभा नाही, रोगमुक्तीची सभा नाही, तरुणांचं शिबिर नाही. या, खा, झोपा, थोडं बायबलचं वचन ऐका आणि घरी जा, एवढंच. जागेचं नाव आणि नंबर इथं टाकत नाही. खाटा मोजक्या आहेत, नोंदणी पाळकांमार्फत (मंडळीच्या धर्मगुरूंमार्फत) होते आणि चालवणाऱ्यांना उगाच फोनांचा भडिमार नको आहे. नंदुरबार-नवापूर भागात मंडळीत जात असाल तर तुमच्या पाळकसाहेबांना विचारा.

मी नंदुरबारात डबे करते. बँकेतले, शाळेतले, आणि मिरचीच्या हंगामात बाहेरून येणारे मुनीम. पहाटे चारला कणीक तिंबायला घेते. आमच्या यांना लकवा झाल्यापासून त्यांचं उठणं, बसणं, आंघोळ, गोळ्या हे सगळं डब्यांच्या मधल्या वेळेत बसवावं लागतं. भांडी झाली की हिशोब, हिशोब झाला की उद्याची भाजी निवडायची. अंग दुखणं वेगळं, त्याला बाम आहे. माझं असं झालं होतं की कुणी प्रेमानं ‘कशी आहेस गं’ विचारलं तरी रडू यायचं नाही, राग यायचा. उपासनेत गायला उभी राहिले की ओठ हलायचे आणि डोक्यात गॅसचा सिलेंडर कधी संपेल त्याचा अंदाज चालायचा.

मी जन्मापासून मंडळीतली. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जायचा आणि स्वीडनहून आलेले मिशनरी गावोगाव बैलगाडीनं फिरायचे. म्हणजे वचनं मला लहानपणापासून तोंडपाठ. वचनं पाठ असलेली बाईसुद्धा थकून मोडून पडू शकते, हे मात्र आमच्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. बोललं तर लगेच ‘बहीण, प्रार्थना कमी पडतेय’ असं ऐकायला मिळतं. आणि मग प्रार्थना हे आणखी एक काम होऊन बसतं, डब्यांच्या आणि भांड्यांच्या रांगेतलं.

या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट बंगल्यात नाहीच, ती तुमच्या घरी होते, म्हणून आधी तेच सांगते. पाळकबाई नाव लिहून घ्यायला आल्या तेव्हा मी म्हटलं, मला विसाव्याचं आमंत्रण द्यायला काय जातं, यांना कोण बघणार? त्या म्हणाल्या, त्याचीच तर वही काढलीय. खरोखर वही होती. ज्या घरातलं माणूस विसाव्याला जातं त्या घरी मंडळीतली माणसं पाळीनं येऊन राहतात. आमच्याकडे एक निवृत्त वॉर्डबॉय काका आले. बायकामाणसाला न जमणारं उचलणं-ठेवणं त्यांना आयुष्यभराच्या सवयीनं जमत होतं. सोबत स्वयंपाकाला दोघी जणी. गुरुवारी संध्याकाळीच काका येऊन बसले, कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे फ्रिजवर कागद चिकटवून लिहून घेतलं. यांना कुठल्या कुशीवर झोपवायचं, पाठीवर लाली आलीय का ते कधी बघायचं, हे त्यांनी मलाच शिकवलं. त्या दोघींनी भाताला डाग लावला ही गोष्ट वेगळी. पातेलं अजून घासतेय.

‘येशूवर भार टाका’ असं सांगणारे मी पुष्कळ बघितले. तो भार उतरवून घ्यायला दारात माणूस उभा राहिला तेव्हा मला पहिल्यांदा ते खरं वाटलं. ज्या मंडळींना असं काही सुरू करायचंय त्यांनी बंगला नंतर शोधावा, आधी ही वही काढावी.

जायचं कसं? नंदुरबारहून भुसावळ-सुरत लाइनची गाडी धरायची. खांडबारा, चिंचपाडा, नवापूर ही ओळखीची स्टेशनं. उतरल्यावर पुढे काळीपिवळी मिळते. ज्यांनी नवापूर स्टेशन बघितलं नाही त्यांनी एकदा बघावं, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, बाकसुद्धा दोन राज्यांत वाटलेला.

खोल्या स्वच्छ. फरशी पुसलेली, मच्छरदाणी धुतलेली, खिडक्यांना जाळी. पण गादी! कापूस पिकवणाऱ्या खानदेशात कापसाची गादी अशी गोळे-गोळे झालेली असावी? रात्रभर एक गोळा बरगडीखाली आणि एक मानेखाली. पिंजाऱ्याला बोलावून पिंजून घ्या, असं तिथल्या वहीत लिहून आलेय. उशी पातळ, तेव्हा स्वतःची न्या. जानेवारीत रात्री चांगली थंडी पडते, दोन चादरी पुरत नाहीत, शाल हवी. आंघोळीला बंबाचं पाणी, सकाळी भरपूर मिळतं. कमोड एकच आहे, गुडघेदुखीवाल्यांनी आधी सांगून ठेवावं. फोन काढून घेत नाहीत, पण रेंज फक्त विहिरीपाशी येते. मी तिथं जाऊन घरी लावला तर काका म्हणाले, ‘सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही कशाला फोन करता?’ आणि ठेवूनही दिला.

आता जेवण, कारण त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे.

स्वयंपाकाला शिंदखेड्याकडच्या एक मावशी आहेत. साठीच्या पुढच्या, बोलणं अस्सल अहिराणी. शुक्रवारी रात्री तूरडाळीची खिचडी, वर कच्चं तेल, भाजलेला पापड. खिचडी मऊ होती, मीठ बरोबर. शनिवारी दुपारी भरीत. हिरवी-पांढरी लांब वांगी, ज्यासाठी यावलकडचं बामणोद प्रसिद्ध आहे, तशीच. कपाशीच्या काड्यांवर भाजली, सोलली, आणि लाकडी बडजीत मिरची-लसणाबरोबर ठेचली. मग पातीचा कांदा, खोबऱ्याचे काप, दाणे, कोथिंबीर, आणि तेलाची फोडणी हात आखडता न घेता. दाणे जरा जास्त तळले गेले होते, कडवट लागत होते. बाकी भरतात नाव ठेवायला जागा नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही, मी डब्यात देते ते भरीत त्याच्यासमोर उभं राहू शकत नाही. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, जाडसर, कडा न फाटलेली. कळण्याच्या पिठाला हात बसायला वर्षं लागतात.

मला सवयीनं राहवेना. कांदा चिरायला म्हणून मी आत गेले, विळीवर बसले. मावशींनी माझ्या हातातला कांदा काढून घेतला, विळी पायानं बाजूला सारली आणि म्हणाल्या, ‘तू बठ व माय, मी करस.’ मी बाहेर येऊन पंगतीत बसले. तव्यावरून निघालेली भाकरी तशीच वाफेसकट ताटात पडली. रोज इतक्या लोकांना गरम पोळी देणारी मी, स्वतः शेवटी उरलेली, थंड, उभ्या-उभ्या खाते. समोर कुणीतरी वाढतंय, दुसरी घे म्हणतंय, आणि मला उठायचं नाही. वचनाच्या कुठल्याही भागाच्या आधी मला रडू आलं ते तिथं, भरताच्या ताटावर. शेजारच्या बाईंनी बघितलं आणि काही न बोलता ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मिरची लागली असं सांगायची सोय झाली.

कार्यक्रम कमी आहे ही चांगली गोष्ट. शुक्रवारी रात्री एक, शनिवारी सकाळी एक, दुपारी एक (हा नसता तर साडेचार तारे), रात्री छोटी प्रार्थना, रविवारी उपासना. मध्ये सगळा वेळ मोकळा. झोपलात तर कुणी उठवत नाही. पहिल्या सकाळी मी आठ वाजून गेले तरी झोपले होते, आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही.

शुक्रवारी रात्री मंडळीचे एक वडील (कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना आमच्यात वडील म्हणतात), शेतकरी माणूस, मधोमध एक खरं जू घेऊन आले. बाभळीच्या लाकडाचं जुनं जू, शिवळांची भोकं झिजून मोठी झालेली, मानेवर बसायची जागा घासून तुळतुळीत आणि घामातेलानं काळी पडलेली. ते त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वाचलं: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ हे वचन आमच्या घरात कॅलेंडरवर आहे, चर्चच्या भिंतीवर आहे, कुणाच्या कुणाच्या ट्रकवरसुद्धा आहे. रोज दिसतं म्हणून दिसत नाही. त्यांनी पुढचं वाचलं, की माझं जू आपणांवर घ्या, माझं जू सोयीचं आहे. मग विचारलं, बैलाचा खांदा कधी सुजतो? शेतीवाल्या घरातल्या चार-पाच जणी एकदम बोलल्या. जू नीट घडवलेलं नसलं की सुजतो, जोडीत एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला की सुजतो, मोठ्याबरोबर लहान जुंपला की सुजतो.

येशू सुताराच्या घरचा, हे शुभवर्तमानात आहे. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं तर लिहून ठेवलंय की तो नांगर आणि जू बनवायचा. वडील म्हणाले, ज्यानं हातानं रंधा मारून जू बैलाच्या मानेला बसेल असं केलं असेल, त्याला ठाऊक होतं आपण काय बोलतोय. आणि पुढे जे म्हणाले ते मला पटलं: जुवातला बैल बसलेला नसतो, तो चालतच असतो. इथून घरी गेल्यावर तुमची कामं कमी झालेली नसणार, ते सांगायला मी आलो नाही. एवढं बोलून जू उचललं आणि गेले. दहा-बारा मिनिटं. या माणसाला शनिवारी दुपारची वेळही द्यायला हवी होती.

शनिवारी सकाळी मिशन दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त सिस्टरनी एलियाची गोष्ट घेतली. राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. आमच्या संडेस्कूलमध्ये एलिया म्हणजे कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा, बआल दैवताच्या संदेष्ट्यांना हरवणारा. त्याच्या लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीनं तोच माणूस जीव घेऊन पळतो, बैर-शेब्यापर्यंत जातो, चाकराला तिथं ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपतो.

सिस्टरनी विचारलं, देवदूत आल्यावर पहिलं काय म्हणाला? आम्ही सगळ्या विचारात. कुणी म्हणालं, भिऊ नको. कुणी म्हणालं, विश्वास ठेव. नाही. त्यानं त्याला हात लावला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलियानं खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. आणि त्या पुन्हा झोपण्यावर देवदूतानं काहीही टीका केलेली नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही आधी खायलाच घातलं. बोलणं झालं ते नंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर.

मी आयुष्यभर ही गोष्ट ऐकली आणि त्यात भाकर आहे हे माझ्या, एका स्वयंपाकिणीच्या, लक्षात राहिलं नव्हतं. निखाऱ्यावर भाकर भाजायला वेळ लागतो. पीठ मळावं लागतं, निखारे पडेपर्यंत थांबावं लागतं, जळू नये म्हणून तिथंच बसावं लागतं. तो झोपला होता तेव्हा कुणीतरी हे सगळं करत बसलं होतं. मला त्यापुढचं प्रवचन ऐकू आलं नाही, मी तिथंच अडकले.

आता तो दुपारचा वक्ता. बाहेरून बोलावलेला, गाडीतून आलेला, माइक सोबत घेऊन. वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत माइक कशाला? दीड तास बोलला. सगळ्याचं सार हे की थकवा हा सैतानाचा हल्ला, ज्याचा विश्वास पुरा त्याला थकवा नाही, आणि ज्यांनी दशमांश (कमाईचा दहावा भाग) द्यायचं थांबवलं त्यांनी आपल्या दमण्याचं कारण तिथं शोधावं. भरीत खाऊन सुस्तावलेल्या, आयुष्यानं चेपलेल्या बायकांना हे सुनावायचं! माझ्या पुढे अक्कलकुव्याकडची एक विशीतली मुलगी बसली होती. तिला सिकलसेल आहे. थंडी वाढली की सांधे धरतात, पायऱ्या चढताना धाप लागते. ती मान खाली घालून ऐकत होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

वक्ता गेल्यावर चहाच्या वेळी सिस्टर उठल्या. त्याचं नाव न घेता, आवाज न चढवता सांगायला लागल्या. आपल्या नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल खूप आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर मरतात, म्हणून अंगात रक्त टिकत नाही आणि माणूस दमतो. पाणी कमी प्यायलं, थंडी लागली, अतिश्रम झाले की दुखणं उसळतं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर आजार होतो, एकाकडून आला तर माणूस फक्त वाहक असतो, म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी होते. मग आम्हा बाकीच्यांकडे वळल्या. बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की तो रक्तक्षय. थायरॉईड बिघडला तरी माणूस गळून जातो. ‘प्रार्थना करा, मी पण करते. आणि सोमवारी रक्त तपासा.’ शेवटी त्या मुलीपाशी जाऊन बसल्या आणि तिला आधी ग्लासभर पाणी प्यायला लावलं.

मी तपासलं. साडेनऊ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. म्हणजे माझ्या थकव्याचा काही भाग आत्म्याचा नव्हताच, रक्ताचा होता. चालवणाऱ्यांना मी सांगून आलेय की सिस्टरांचं हे बोलणं पहिल्याच रात्री ठेवा आणि बाहेरचे वक्ते बंद करा. त्यांनी ऐकून घेतलं. वक्ता कुणीतरी ‘सुचवलेला’ होता, असं कळलं. मंडळ्यांचं राजकारण कुणाला सांगायला हवं?

अख्रिस्ती माणसांनी जावं का, असं मला एका शेजारणीनं विचारलं. आमच्याबरोबर शहाद्याकडच्या एक हिंदू ताई होत्या, सासूची पाच वर्षं शुश्रूषा केलेल्या. सिस्टरांच्या ओळखीनं आल्या होत्या. प्रार्थनेच्या वेळी त्या कधी बसायच्या, कधी व्हरांड्यात फिरायच्या. कुणी त्यांना पत्रकं दिली नाहीत, कुणी काही गळ घातली नाही. मात्र ही जागा ख्रिस्ती आहे, येशूचं नाव घेतलं जाणार, गाणी होणार, हे धरून जा. तेवढं चालणार नसेल तर नाशिक-पुण्याकडे ध्यानाची केंद्रं आहेतच.

रात्रीच्या छोट्या प्रार्थनेत मार्काच्या शुभवर्तमानातलं वादळ वाचलं. होडीत पाणी भरतंय, शिष्य घाबरलेत आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. उशी आहे तिथं, स्पष्ट लिहिलेली. दिवसभर लोकांचं ऐकून, बोलून दमलेला माणूस झोपला. पाळकांनी पुढे काही जोडलं नाही, दिवा मालवला.

रविवारच्या उपासनेत बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या दहा आज्ञा होत्या, त्यातली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची. त्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या दासानं करू नये, दासीनं करू नये, बैलानं, गाढवानं करू नये, तुझ्या वेशीतल्या परक्यानं करू नये. कारण तूही मिसर (इजिप्त) देशात दास होतास.

माझे वडील सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी. आमच्याकडे साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं आणि आखाजीला संपतं. वर्षभरात हक्काची सुट्टी म्हणाल तर आखाजी आणि पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं काम वडिलांकडे असायचं. चोळता चोळता ते हसून म्हणायचे, ‘याचा खांदा मी चोळतो, माझा कोण चोळणार?’ मालक वाईट नव्हता. पण रविवार मागितला की म्हणायचा, पिकाला रविवार कळतो का? वडील उपासनेला पोचायचे ते शेवटच्या गीताला, पायाला चिखल तसाच. त्यांना ठाऊक होतं की आज्ञेत दासाचं आणि बैलाचं नाव आहे, त्यांनी ते मला बोट ठेवून दाखवलं होतं. मालकाला दाखवलं नाही.

पाळक म्हणाले, शब्बाथ सगळं काम संपल्यावर येत नाही, सूर्य मावळला की येतो, काम अर्धं असलं तरी. ज्यांनी इजिप्तमध्ये विटा मोजून दिल्या त्यांना देवानं सांगितलं की आता तुमची किंमत विटांवर नाही. इथं मी मनात डबे मोजले.

वरण-बट्टी खाऊन (बट्टी उकडून, कापून, तुपात तळलेली, वरण जरा पातळ) दुपारी निघालो. पैसे मागत नाहीत. दाराशी डबा आहे, टाकायचं तेवढं टाका. पण फुकट आहे म्हणून जाऊ नका, तांदूळ-तेल कुणाच्या तरी घरून येतं. मी महिन्याचा मसाला करून पाठवते असं मावशींना सांगितलंय. त्यांनी आधी माझ्या मसाल्यात काय काय असतं ते विचारून घेतलं आणि दगडफूल कमी घाल म्हणाल्या.

घरी आल्यावर काही बदललं का? हे तसेच आहेत. गॅस तसाच संपतो. पहाटे चारही तसेच वाजतात. राग कमी येतो, हे यांनीच सांगितलं, आणि यांचं बोलणं हल्ली अडखळतं तरी हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं. वॉर्डबॉय काका अजून बुधवारी संध्याकाळी येतात, यांची दाढी करतात, क्रिकेटवर वाद घालतात, तेवढा तासभर मी पडून राहते. पुढच्या महिन्याच्या वहीत माझं नाव आहे, खाटेसाठी नव्हे, दुसऱ्या एका घरी दोन दिवस स्वयंपाक करायला.

जाणाऱ्यांसाठी थोडं: स्वतःची उशी, शाल, टॉर्च, चालू असलेली औषधं न्या. चमत्काराच्या अपेक्षेनं जाऊ नका. ज्यांना गर्दी, ढोल, रात्रभर जागरणाची प्रार्थना आवडते त्यांना इथं कंटाळा येईल, त्यांच्यासाठी दुसऱ्या सभा आहेत. मार्चनंतर विचारूच नका, कौलांखाली उन्हाळ्यात भाजून निघाल आणि ते लोकही तेव्हा बंद ठेवतात. पुरुषांसाठी वेगळी खोली आहे, पण येणारे पुरुष फार कमी. थकलोय हे त्यांना पाळकांना सांगायला जड जातं असं दिसतं.

आणि माझ्या गिऱ्हाइकांसाठी, कारण तुमच्यातले काही हे वाचणार: रविवारचा डबा बंद झालाय, तो बंदच राहील. दोघांनी त्यावरून डबा सोडला, त्यांचे उरलेले पैसे परत केलेत. बाकीच्यांनी रविवारी बाहेर शेवभाजी खावी. सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेला डबा मिळेल.